कॉम्प्रेसरमधलं जाड तेल

प्रिय शहनवाज,

फोनवर बोललो असतो तर माझा आवाज चढला असता, आणि तू नेहमीसारखं हसून मला गप्प केलं असतंस. म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच.

तुझी जुनी गाडी मी हीनासाठी घेतली. पिरंगुटहून हिंजवडीला नोकरीला जाताना पोरीला ऊन लागू नये, एवढंच मनात होतं. ईदनंतर ती तुझ्या घरची सून होणार, म्हणजे गाडी घरातल्या घरातच राहणार, असं तूच म्हणालास. मी गाड्यांचे एसी दुरुस्त करून पोट भरतो, तरी बॉनेट उघडलं नाही. आपल्या लाइनमध्ये जवळच्या माणसाची गाडी तपासून घेणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. तुझा सद्दाम, माझा होणारा जावई, शेजारीच उभा होता. "चाचा, यसी लई गार हाय, बघायचं कामच न्हाई," म्हणाला. माझ्याच गॅरेजात तयार झालेला पोरगा. मला त्याचा अभिमान वाटला.

हीनाला घेऊन घोटावड्याकडे निघालो होतो, तेव्हा पहिल्यांदा खडखड ऐकू आली. एसी बंद केला की आवाज गायब, चालू केला की पुन्हा सुरू. सासऱ्यांची गाडी आत्तापासूनच कुरकुरतेय, म्हणून हीना हसली. मीही हसलो. मग गाडी गॅरेजात घेतली. खरं सांगू? कॉम्प्रेसर सोडून बाकी काहीही खराब निघावं म्हणून मी धडपडत होतो. पट्टा बदलून पाहिला. पुली हाताने फिरवली, तिचं बेअरिंग अगदी ठणठणीत. ब्रॅकेटचे बोल्ट आवळायला गेलो तर ते आधीच घट्ट, आणि प्रत्येकावर पिवळ्या रंगाचा ठिपका. काम झालं की बोल्टवर पिवळा ठिपका द्यायचा, ही सवय सद्दामला मीच लावली. पिरंगुटात दुसरं कोणी तसं करत नाही.

गॅस काढून कॉम्प्रेसर उतरवला. आत नको तेवढं जाड तेल, आणि त्यात चमचमणारा धातूचा चुरा. झिजलेल्या कॉम्प्रेसरचा आवाज दाबायला असं तेल भरतात. थोडे दिवस गाडी गप्प राहते, मग तो चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो. अनोळखी गिऱ्हाइकाशीही मी असं कधी वागलो नाही. अरे, तू नुसता शब्द टाकला असतास तर मी तुझी गाडी फुकट दुरुस्त करून दिली असती! मला फार राग आलाय, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटतेय, की इतकी वर्षं मी तुला भाऊ म्हणत होतो.

तरी नुसत्या गाडीपायी मी पत्र लिहिलं नसतं. पोरीच्या सुखासाठी गिळून बसलो असतो. पण ते ठिपके हीनानेही पाहिले आणि ओळखले. तिने सद्दामला गाठून सरळ विचारलं. "अब्बा बोलले, मी केलं. त्यात माझं काय चुकलं?" एवढंच त्याचं उत्तर. ती घरी आली, जेवली नाही. मी समजूत काढायला गेलो तर म्हणाली, "अब्बा, उद्या त्याच्या अब्बांनी माझ्याबद्दल कायबी सांगितलं तर? ह्यो तेबी करंल." आणि बोटातली अंगठी काढून तिने माझ्यापुढे ठेवली. मंगनीची ती अंगठी या पत्राबरोबर पाठवतोय. लग्नाची तारीख काढायला येऊ नकोस.

कालपरवापर्यंत तुझाच,
अमजद