शाळा सुटल्यावरची खोली

ता. १४, मंगळवार

शाळा सुटल्यावरसुद्धा तुझ्या पोरीला अंधार पडेपर्यंत डांबून ठेवतात, ही कुठली रीत? आणि त्याला होकार दिलास तू, तोही हेडमास्तरांना परस्पर फोनवरून, मला न विचारता. मी काय घरात शोभेला आहे?

असो. लेकी, तुला आशीर्वाद आहेतच, ते काय दर वेळी लिहायचे. माझे गुडघे दुखतात, शेजारीण अजून बोलते, सगळं जागच्या जागी आहे.

तर काल मी शाळेत भांडायला गेले. मला वाटलं, वाचता येत नाही म्हणून आपल्या टिटवीला शिक्षा करतात. बघते तर मागच्या खोलीत सतरंजी, गरम खाणं, आणि एक तरुण बाई एकेका पोराला जवळ घेऊन त्याच्याकडून वाचून घेतायत. तुझी लेक ओळीखाली बोट धरून वाचत होती. ठेचकाळत, पण वाचत होती. माझं भांडण तोंडातच राहिलं.

मग बाईंनी मला बाहेर बाकावर बसवलं, पाणी दिलं.

"आजी, हिची आई वारली, ते सांगितलं तिनं मला. म्हणूनच मी तिला जरा जास्त वेळ देते."

मी चपलेकडे बघत बसले. 'नाही हो, चांगली धडधाकट आहे' एवढं म्हणायला काय लागतं? नाही जमलं.

वाटेत पोरीला विचारलं, "का गं असं सांगितलंस?"

"असं सांगितलं की परत कुणी विचारत नाही."

एवढं बोलली आणि पुढे चालायला लागली.

तुझा फोन येतो. मी बरी, तू बरी. ती फोनसाठी हात पुढे करते आणि तू ठेवून देतेस. तिचा आवाज ऐकला की तुला रडू येतं म्हणे. मग रड. तिकडे कामाच्या घरी दुसऱ्यांची लेकरं निजवताना येतो ना गळ्यातून आवाज?

मला उत्तर नको, आलं तर उघडणार नाही. टिटवीला लिही, शाळेच्या पत्त्यावर. तुझ्या हातानं, मोठ्या अक्षरात, सोपं. तिचं ती वाचेल. बाईंना मी काही बोललेली नाही, बोलणारही नाही. तू जिवंत आहेस हे तूच कळवायचंस.

तुझी आई
(तिची मी आजीच)