एकाच दिशेनं

छत्रपती संभाजीनगर
३० जानेवारी २०२५

प्रिय नंदे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. घरी सगळे बरे असतील. गंगापूरच्या तुझ्या कॉलेजात बारावीची प्रात्यक्षिकं चालू असतील, अन् तू पोरांना दरडावत असशील.

परवा गारखेड्यात आपल्या जुन्या खोलीवर गेले होते. घरमालकीण मालनबाईंनी लगेच ओळखलं. "दुसरी कुठाय? ती लई गोड हसायची," म्हणाल्या. आठवतं? आपलं गणित कॉम्प्युटरवर दिवसचे दिवस चालायचं अन् आपण आपल्या संयुगातल्या तांब्याच्या दोन अणूंवरून वाद घालायचो. प्रत्येकावर एकच एकटा इलेक्ट्रॉन. त्या दोघांचे स्पिन, म्हणजे त्यांच्या फिरक्या, एकाच दिशेला, की एकमेकांच्या उलट? मालनबाई दारातून ओरडायच्या, "त्यांचं जुळू दे नाय तर नको, तुमी आधी भाकरी खा!"

माझ्या सोप्या पद्धतीनं उत्तर उलट यायचं. तू म्हणायचीस, "अंबे, दोन्हींच्या ऊर्जेतला फरक लई बारीक आहे, ही पद्धत फसणारच." तू किचकट पद्धत लावलीस. उत्तर आलं, एकाच दिशेनं. बाहेरच्या प्रयोगशाळेचं मोजमाप मात्र उलट निघालं. आपल्या गाईड सरांनी तुझं ते प्रकरण प्रबंधातून काढायला लावलं, अन् तू पीएचडी सोडून सामान बांधलंस.

नंदे, त्या प्रयोगशाळेनं तेच संयुग नव्यानं बनवून मोजलंय. आधीच्या नमुन्यात भेसळ होती. स्पिन एकाच दिशेनं आहेत. ऊर्जेतल्या फरकाचा तुझा आकडासुद्धा जवळजवळ तोच.

मी सरांना दाखवलं. त्यांनी दोन्ही आकडे शेजारी लावून पाहिले अन् विचारलं,

"ती अजून रागावलीय का?"

"रागावली असती तर बोलली असती, सर. ती गप्प आहे."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः विद्यापीठाच्या कार्यालयात जाऊन आले. तुझी नोंदणी पुन्हा सुरू करता येते. आता या निकालाचा शोधनिबंध लिहायचाय, त्यावर पहिलं नाव तुझं.

एवढं लिहून थांबणार होते. पण खरं सांगू? निबंधाचं निमित्त आहे. तुझ्या खुर्चीवर आता प्रिंटर ठेवलाय. शेजारी कुणी नाही, उत्तर बरोबर आलं तरी सांगायचं कुणाला?

नऊ तारखेला, रविवारी, सर गंगापूरला येतायत. मी म्हटलं, "आधी तिला विचारू." तर म्हणाले, "चूक माझी होती. तिच्या दारात जाऊनच सांगायला पाहिजे."

मी सोबत आहे. बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलू. दार तेवढं उघड.

तुझीच,
अंबी