वरच्या खोलीतली कादंबरीवाली

४ फेब्रु.
आईची शाळेतली मैत्रीण मीना वरच्या खोलीत राहायला आली. कॅनडात असते, इंग्रजीत कादंबऱ्या लिहिते. आई म्हणते मावशी म्हण. मनात मी बाईच म्हणतो. तिला औरंगपुऱ्यात फिरवायचं आन् इथली माणसं कशी बोलतात ते ऐकवायचं, हे माझं काम. तिकडं राहून कान बोथट झालेत म्हणे. पण लई बघते. मी चप्पल काढतो तेपण बघते.

९ फेब्रु.
बाई एक माणूस सांगते, मी तो होऊन बोलायचं. आज रिक्षावाला, मग सासू. आई हसून खाली बसली. "कॉलेज सुटलं, पण सासूपण बरं आलं मेल्याला!"
बाईचं पार्सल आणायला गेलो, गुलमंडीत कबुतरं बघत बसलो. पार्सल राहिलं.

१३ फेब्रु.
देवगाव रंगारी. बाईचं माहेर, तिला घेऊन गेलो. भाऊ घरात होता, दार उघडलं नाय. शेजारची म्हातारी मला बाजूला घेऊन, "हिनं भावाला पुस्तकात घातलं. नाव बदललं, खोकला तसाच ठेवला."
येताना बाई वहीत लिहीत बसली.  आमच्या घरातलं काय काय उचललं असेल हिनं?

१७ फेब्रु.
ताई करमाडहून आली. दोन दिवस राहणार. दाजी मारतात, आम्हाला ठाऊक आहे, कुणी बोलत नाय. वर बाईकडं दार लावून बसते. मी जिन्यात गेलो की आवाज बंद. आता ताईला घालणार पुस्तकात. पक्कं.

१८ फेब्रु.
आज बाईनं मला भाऊ केलं. "बहीण सासर सोडून आलीय. कायमची. काय म्हणशील?"
वाटलं, हा देवगाववाला. म्हणलं याला जरा चांगला करू. छाती काढून बोललो, "राहा की ताई! न्यायला कोण येतं बघतो. आधी माझ्याशी गाठ."
बाईनं काहीच लिहिलं नाय. वळून बघतो तर दारात ताई. डोळे पुसत होती.

१९ फेब्रु.
ताई आज जाणार होती. गेली नाय. बाईशी भांडलो.
"मावशी, तुम्ही मला फसवलं. पुस्तकासाठीच ना?"
"खोटं बोललास का काल?"
"नाटक होतं ते!"
"मग खाली जाऊन तिला तसं सांग."
खाली गेलो. ताई कपाटापाशी. "संद्या, हा खालचा खण घेऊ?"
घे म्हणलं. दुसरं काय म्हणणार.

२१ फेब्रु.
दाजींचा आईला फोन. उद्या येतायत, थोरल्या भावाला घेऊन. आई माझ्याकडं बघतेय. दोस्त गाडी घेऊन गोव्याला चाललाय, उद्या सकाळीच. एक जागा आहे म्हणतो. गोव्यात त्याचा मावसभाऊ होड्या रंगवतो, ते काम एकदा बघायचंय. बॅग काढली. परत ठेवली. बाईला विचारलं, पुस्तकातला भाऊ पुढं काय करतो?
"मला काय ठाऊक? अजून लिहिला कुठंय."
खरं का खोटं, तिच्या तोंडावरून कळत नाय.

२२ फेब्रु.
दोस्ताचे तीन फोन. उचलले नाय. गाडी गेली.
गल्लीत मोटरसायकल थांबली. दाजींचाच आवाज. बाई जिन्यात येऊन उभी, हात रिकामे. मदतीला आली का बघायला, देव जाणे. ताई म्हणते, "मी बोलू का?"
"बस तू," म्हणलं. आवाज माझाच होता, पण पातळ.
उठतो.