मांडा पसरायला लागणारा वेळ

नाना, तुमच्या शाळेतले दोन्ही कॉम्प्युटर भंगारात गेले. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली. एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, कारण तुमच्या माघारी जे सांभाळायचं ते सांभाळलं जातंय असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं. आई आणि मी आता जळगावला पिंप्राळ्यात राहतो. मी बसस्टँडजवळच्या एका छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवते. नावांच्या मात्रा, वेलांट्या तीन-तीनदा तपासते आणि पत्रिका छापायला गेली की पुन्हा घाबरते. महिन्याभरापूर्वी त्याच दुकानात शाळेतल्या शिपाईमामांचा धुळ्याहून फोन आला. "ताई, तुन्हा नानाना कॉम्प्युटरना डबा भंगारमा जाई राहिनात. शनिवारले गाडी येई. तुले काय देखनं व्हई ते देखी ले."  तुमच्या चित्राची उरलेली एकुलती कॅसेट वाचू शकणारं दुसरं यंत्र मला कुठे माहीत नव्हतं.

तुम्ही मला आधी घरातच शिकवलंत. छातीत घरघर होती म्हणून दुसरीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. आपल्या पुढच्या खोलीत शहाबादी फरशी होती आणि तुम्ही पेन्सिल कुठेतरी ठेवून म्हणायचात, "चार आडव्या, तीन उभ्या." मी दारापासून फरश्या मोजत जायची आणि पेन्सिल तिथेच असायची. पुढे सरकारी योजनेतून शाळेला दोन कॉम्प्युटर आले आणि त्यांना वेगळी खोली, पडदे, कुलूप सगळं मिळालं. खोलीत चपला काढून जायचं. किल्ली तुमच्याकडे आली, कारण गणिताच्या सरांना वेळ नव्हता आणि "चित्रकलावाल्याला काय, तास कमी" असं स्टाफरूममध्ये सगळेच म्हणायचे. तुम्ही पुस्तकातलं इंग्रजी लावत, आलेख कागदावर ठिपके टाकत बसलात. मी तुमच्याबरोबर रविवारी शाळेत यायची. तुम्ही आकडे वाचायचात, मी ते टाइप करायची. मला ते फरश्यांच्या खेळासारखंच वाटायचं, फक्त पेन्सिलीच्या जागी उजेडाचा ठिपका.

ते मांड्याचं चित्र तुम्ही आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून सुरू केलंत. आई चुलीवर खापर पालथं घालून पुरणाचे मांडे करतेय. पुरण भरलेला उंडा हातावर घेते, एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकते, तो मनगटापासून कोपरापर्यंत पसरत जातो आणि तुम्ही कागद गुडघ्यावर घेऊन म्हणताय, "थांब, असाच धर."

"धरू कशी? फाटेल ना! हा काय तुमच्या वर्गातला मुलगा आहे, उभा राहा म्हटलं की उभा राहील?"

"मग हळू कर."

"हळू केला तरी फाटतो, घाई केली तरी फाटतो. तुम्ही तुमची घाई करा."

ती घाई तुमच्या यंत्राला जमत नव्हती आणि चित्राचं सगळं काही त्या सावकाशीतच होतं. काळ्या पडद्यावर आधी एक लहान पिवळा गोळा येई. मग त्याच्या कडेने एक एक वेढा निघे, प्रत्येक थोडा वेडावाकडा. मध्येच तो एका बाजूला लोंबे आणि आता तुटतो असं वाटे तोवर दुसऱ्या बाजूने सावरे. शेवटी खाली खापर उमटे आणि मांडा त्यावर उतरे. गॅदरिंगच्या दिवशी तुम्ही ते लावलंत तेव्हा पालक जमिनीवर मांडी घालून बसले होते. बायका मधेच "गया, गया, फाटना!" म्हणत होत्या. शिपाईमामा दारातून विचारत होते, "सर, आते काय निंघी?" आणि तुम्ही नुसते हसत होतात.

अशी पाच चित्रं तुम्ही केलीत आणि गाण्यांच्या असतात तसल्याच पाच कॅसेटांवर ठेवलीत. दोन बुरशीने गेल्या. एकीवर मावशीने कानबाईची गाणी भरली. तिला वाटलं, नुसती किरकिर आहे, कॅसेट बिघडलेली असेल. एक शाळेतूनच हरवली. उरला तो मांडा. तो मी जिवापाड जपला असं मी सगळ्यांना सांगत असे.

कसा जपला ते तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही असताना एका दसऱ्याला मी कॉम्प्युटरच्या बटणांवर हळदकुंकू वाहिलं होतं आणि तुम्ही आयुष्यात एकदाच माझ्यावर ओरडलात. "पुसून ठेवलं की झाली ह्याची पूजा! पोटात पूड गेली तर काय करशील?" मी रडले आणि तुम्ही मऊ फडक्याने एक एक बटण पुसत बसलात. तुम्ही गेल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला आईने पाटावर तुमची कंपासपेटी, ब्रश आणि ती कॅसेट मांडली. कॅसेटची डबी कधीच फुटली होती. मी म्हटलं, आई, हिला कुंकू नको. ती म्हणाली, "त्यांचंच हत्यार ना हे? मग त्यालाच कोरडं ठेवायचं?" तिच्या कपाळाकडे पाहून माझ्याने पुढे बोलवलं नाही. मी कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. त्यानंतर दर दसऱ्याला तेच केलं. वर्षभर कॅसेट स्वच्छ रुमालात ठेवायची आणि एक दिवस तिच्यावर बोटाने कुंकू टेकवायचं.

बुधवारी मी सकाळच्या एसटीने धुळ्याला गेले. ड्रायव्हरच्या मागची जागा रिकामी होती, पण वर टेपचा स्पीकर होता. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, त्याने टेप पुसली जाते, म्हणून पारोळ्यापर्यंत मागे उभी राहिले. कॅसेट जेवणाच्या डब्यात, डबा पोटाशी. शाळेत कॉम्प्युटरचे नवे सर आहेत, माझ्याहूनही लहान. त्यांनी खोली उघडून दिली. पडद्यावर धूळ होती, पण बटण दाबल्यावर यंत्र जागं झालं. त्याला जोडलेल्या टेपरेकॉर्डरच्या आवाजाच्या बटणापाशी तुम्ही पांढऱ्या रंगाने केलेला ठिपका अजून होता. मी बटण तिथे आणलं आणि कॅसेट लावली.

किरकिर सुरू झाली आणि मधेच घोगरी झाली. चूक आहे, टेप मागे घ्या, असं पडद्यावर आलं. मागे घेतली. पुन्हा तेच. झाकण उघडून पाहिलं तर टेप जिथे घासते त्या चकचकीत तुकड्यावर लाल रेघ होती. मी ती बोटाने पुसली. बोटावर कुंकू आलं. नाना, मला तेव्हा कुणी हाक मारली असती तर मी ओरडले असते. तुम्ही सांगितलं होतंत आणि ते मी माझ्या हाताने, इतकी वर्षं, हात जोडून केलं होतं. मामांनी औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणून दिलं. मी कापसाने पुसत राहिले, कापूस गुलाबी होत राहिला. तिसऱ्या वेळी किरकिर शेवटपर्यंत गेली. चित्र यंत्रात उतरलं. मी श्वास सोडला आणि कॅसेट काढायला गेले, तर टेप आत रबरी चाकाला गुंडाळली होती. मी अगदी हळू ओढली. ती तुटली.

आता तुमचा मांडा फक्त त्या यंत्रात होता आणि वीज होती तोवरच होता. टेपचं चाक जाम झालेलं, त्यामुळे दुसऱ्या कॅसेटवर भरायचीही सोय नाही. तेवढ्यात मामा म्हणाले, "ताई, दोनले लाइट जास हं. बुधवार शे आज." भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते.

नवे सर म्हणाले, "मॅडम, आधी एकदा चालवून तर बघा. आम्हीपण बघू."

"आधी लिहून घेते," मी म्हटलं.

चित्र कसं काढायचं ते यंत्राला सांगणाऱ्या तुमच्या ओळी मी पडद्यावर पानापानाने आणल्या आणि वहीत उतरवू लागले. पडदा आणि वही दोन्हीकडे नजर पुरेना म्हणून मामांना वाचायला बसवलं. सरांचा तास होता, ते गेले. मामा चष्मा कपाळावर चढवून, नाक पडद्याला लावून वाचत होते. "सहाशे चाळीस, पाचशे बारा. मंग सहाशे बावन्न, पाचशे नऊ. ताई, हाई चित्र शे का बाजारना भाव?"

"मामा, हळू."

"मी हळूच वाचस. तूच पळी राहिनी."

पंखा थोडा मंद झाला की मी घड्याळाकडे पाही. एकदा पडदा लुकलुकला तेव्हा मी पेन टाकून दोन्ही हातांनी टेबल धरलं, जणू टेबल धरून वीज थांबते. दीडला शेवटची ओळ उतरली. मामा घंटा द्यायला गेले आणि मी पहिल्या ओळीपासून पडताळणी सुरू केली. दोन चुका सापडल्या, एका जागी नऊचे सहा झाले होते. त्या दुरुस्त केल्या. मग पडदा काळा झाला. मी वही उराशी धरून एसटीत बसले आणि जळगाव येईपर्यंत ती खाली ठेवली नाही.

दुकानाचे शेठ मारवाडी आहेत, माणूस चांगला. जेवणाच्या सुट्टीत मशीन वापरू देतात. तिथे मी तुमच्या ओळी टाइप केल्या. नव्या मशीनला तुमचे काही शब्द कळत नाहीत, ते बदलले. चालवलं तर चित्र उलटं आलं, खापर वर आणि उंडा खाली, कारण ही मशीन वरून मोजते आणि तुमचं यंत्र खालून मोजायचं. ते सुलटं केलं तर मांडा निळा. तुमच्या पिवळ्याचा आकडा इथे दुसऱ्याच रंगाचा आहे. प्रत्येक बदल मी वहीच्या समासात लाल पेनने लिहिलाय: इथे नानांचा आकडा हा होता, मी हा केला. हे करताना दर वेळी वाटतं की तुमच्या चित्रावर मी हात फिरवतेय आणि तो हात तुमचा नाही. शेवटी सगळं जुळलं आणि आईला दुकानात बोलावलं. कळ दाबली. डोळ्याची पापणी लवायच्या आत पूर्ण मांडा खापरावर पडलेला.

"झालंपण?" आई म्हणाली. "अगं, हातावर येऊ तरी द्यायचास!"

शेठ म्हणाले, "ताई, फोटो काढून ठेवा ना पडद्याचा. फ्रेम करू. एवढा काय त्रास?"

आईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी प्रत्येक वेढ्यानंतर मशीनला थांबायला लावलं. पण किती थांबवायचं? आईला विचारलं तर म्हणाली, "एक मांडा व्हायला लागतो तेवढं." मामांना फोन केला तर म्हणाले, "मन्ही एक बिडी व्हयी जाये." तुमच्या यंत्राची चाल कुठल्याच ओळीत लिहिलेली नव्हती. ती यंत्रातच होती आणि यंत्र भंगारात गेलं. मी आईचं ऐकून वेळ ठरवली. तीन फ्लॉपींवर चित्र ठेवलं, दोन घरात, एक दुकानात. पुढच्या वर्षी शेठ नवी मशीन घेणार आहेत आणि तिच्यात ही मोठी फ्लॉपी जात नाही म्हणतात. ते ऐकल्यापासून मला झोपेत किरकिर ऐकू येते.

परवा शाळेने गॅदरिंगसाठी चित्र मागवलं. हेडमास्तरांनी फोनवर विचारलं, "मूळ एवढंच सावकाश चालायचं ना? खाली लिहायचंय आम्हाला, मुळाबरहुकूम म्हणून." मी म्हटलं, "अंदाजाने केलंय सर. तिथे वेळ मोजायची राहिली, लाइट गेली." आईलाही हेच सांगितलं होतं, शेठनाही. हेडमास्तर म्हणाले, "अरेरे, थोडक्यात हुकलं."

हे पत्र त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय आणि ते इथेच राहील. तुमच्या ओळी जिथे आहेत तिथे ही एक चूक लिहायची राहिली आहे. पडताळणी पावणेदोनला संपली होती, नाना. चित्र चालवायचा तीन अक्षरांचा हुकूम मी टाइपसुद्धा केला. घड्याळ काढून हातात घेतलं. मग वाटलं, हे आता शेवटचं. तुमच्या शेवटच्या दुपारी नर्सने आत बोलावलं तेव्हाही मी आईसाठी चहा आणायला म्हणून खाली उतरले होते. मी कळ दाबली नाही, यंत्राचं भिंतीवरचं बटण बंद केलं. मामा घंटा देऊन परत आले तेव्हा मी वरांड्यात चपला घालत होते. त्यांनी विचारलं, "गई का लाइट?" मी म्हटलं, "गेली." वरांड्यातला पंखा फिरत होता. मामांनी एकदा वर पाहिलं आणि माझी पिशवी उचलून ते फाटकापर्यंत आले.