तुमचं घोडदळ आमच्या कैदेत आहे

ती. साडूभाऊंना साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घ्यावा).

आमच्याकडे सगळं ठीक. माझा कवळ्यांचा धंदा जोरात आहे. लोकांचे दात पडायचे काही थांबत नाहीत. तुमच्या जेवणाचं काय? "खातो काहीतरी" असं फोनवर सांगता, त्यावर तुमच्या मेव्हणीचा काडीचा विश्वास नाही.

काल तुमचं पार्सल आलं. उघडलं तर आत तुमच्या नेपोलियनचं अख्खं घोडदळ, चिंध्यांत गुंडाळलेलं, आणि वर चिठ्ठी : "आता खेळवत नाही. कुणाला तरी देऊन टाका." (कुणाला? शिशाच्या घोड्यांना हल्ली विचारतो कोण?) फार वाईट वाटलं, साडूभाऊ. मग राग आला. मग नियम आठवले.

नियम तुमचेच. पूर्वी आपली टेबलावरची लढाई दुपारभरात आटपायची, हरलेला चहा करायचा, आणि पुढच्या रविवारी सगळे मेलेले पुन्हा ताजेतवाने उभे. तुम्हाला ते बघवेना. बस आगाराची वेळापत्रकं आखण्यात जन्म गेलेला माणूस! तुम्ही आमच्या भिंतीवर युरोपचा नकाशा ठोकला (गिलावा पडला तो अजून तसाच आहे), रंगीत टाचण्यांच्या पलटणी केल्या आणि फर्मान काढलं, "टेबलावर मेला तो भिंतीवर जिवंत राहता कामा नये." झालं! एकेका शिपायासाठी जीव खालीवर व्हायला लागला. पुलावरची एक फालतू चकमक मी हरलो, तर नकाशावर कित्येक महिने नुसता माघार घेत होतो. शिवाय नकाशावर जी फौज वाटेत असेल ती मालकाच्या घरी राहायची, आणि वेळापत्रकाप्रमाणे पोचली की मालकाने स्वतः टेबलावर आणायची. ताई हसायच्या, "यांची फौजसुद्धा थांब्याथांब्यावर उभी राहते." टेबल अडलेलं, म्हणून दोघी बहिणी मांडीवर ताटं घेऊन जेवायच्या आणि आपला मनसोक्त उद्धार करायच्या. काय सुखाचे दिवस होते हो!

ताई गेल्या तेव्हा तुमचं घोडदळ लढाईपासून एका मुक्कामावर होतं. ते तिथंच राहिलं.

तर मुद्दा असा. सेनापती सोबत नसलेली फौज शत्रूच्या हद्दीत शिरली की कैद, हाही नियम तुमचाच. तुमचं घोडदळ कुरिअरवाल्याच्या थैलीतून एकटंच आमच्या दारात आलं. मी पावतीवर सही केली त्याच क्षणी ते युद्धकैदी झालं. सध्या साखरेच्या रिकाम्या डब्यात आहे. हाल नाहीत, वाटेत एका घोड्याचा पाय मोडला होता, त्याला कवळीच्या मालाचा नवा बसवला (गुलाबी दिसतो, पण पक्का आहे). सुटका हवी असेल तर सेनापतींनी समक्ष यावं. पत्रोपत्री वाटाघाटी होणार नाहीत.

आपला धाकटा साडू (शत्रुपक्ष)

ता. क. घोडदळाविना तुमचा पराभव अटळ आहे, हे कळवताना मला अतोनात दुःख होत आहे.

ता. क. दुसरा : तुमची मेव्हणी मागे उभी राहून वाचत होती. म्हणते, खरं काय ते लिहा. खरं असं, की घोडदळाविनाही तुम्हीच जिंकताय. टेबल तुम्ही उठून गेलात तसंच मांडलेलं आहे. पूर्वी शिव्या देणारी हीच बाई आता त्याला कुणाला हात लावू देत नाही. आम्ही दोघं अजून मांडीवरच ताटं घेतो. या आणि एकदाचं मला हरवा, साडूभाऊ. चहा मी करतो. मग मोकळ्या टेबलाशी तिघं जेवायला बसू.