जालन्यासाठी प्रार्थना

बुधवार, ७ मे

प्रार्थनेत तोंड उघडलं आणि फसले. आज घरप्रार्थना आमच्याकडे होती. पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाची काही विनंती? मी हळूच म्हटलं, रविवारी एक मुलाखत आहे. बस. पण चर्चमधल्या कोकिळामावशींना अर्धवट विनंती चालत नाही. कुठे, कसली — सगळं काढून घेतलं आणि डोळे मिटून, घसा मोकळा करून म्हणाल्या, 'प्रभू, आमच्या सुचिताले जालन्याच्या बियाण्याच्या कंपनीत लॅब इन्चार्ज कर. इथल्या साहेबाच्या हाताखालून तिले सोडव!'

भिंतीपलीकडे हरिओम राहतो. माझ्याच ऑफिसातला.

गुरुवार, ८ मे

दयारामसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. 'काय मॅडम, आमच्या हाताखालून सुटून राह्यल्या म्हणे? अफवा असंल तर सांगा, मी विसरतो.'

एका 'नाही'चं काम होतं. जिभेवर आलंही होतं. म्हटलं, 'खरं आहे, साहेब.'

'मंग लॅबची चावी प्रतीक्षाले द्या. तुम्ही गोदामात बसा.'

तीन वर्षं लॅबमध्ये बी उगवतं की नाही ते मी पाहिलं. आता पोती मोजायची.

चहाला हरिओम म्हणतो, 'तुमचा देव बहिरा हाय का, ताई?'

'देव नाही. मावशींना कमी ऐकू येतं.'

तो हसला. मला नाही हसू आलं. जालना हुकलं तर गोदामच.

शुक्रवार, ९ मे

मला इन्चार्ज व्हायचं आहे. नुसती नोकरी नको — इन्चार्ज. हे लिहितानाही मागे वळून पाहिलं, कुणी वाचत तर नाही! का? मावशींच्या मुलाला, शिवमला, बढती मिळाली तेव्हा चर्चमध्ये पेढे वाटले. मी मागितलं की गर्व. तरी खोडणार नाही.

शनिवार, १० मे

शाळेत जायच्या आधीच बाबांनी मला घरी वाचायला शिकवलं, पाढे शिकवले. त्यांच्यापुढे आजवर उलट बोलले नाही.

'उपासना सोडून जाशीन?'

'संध्याकाळी घरी करू, बाबा.'

'काय कमी हाय तुले चिखलीत?'

'वरची जागा.'

ते उठून बाहेर गेले. मी ड्रेसला इस्त्री केली.

रविवार, ११ मे

चर्च भरायच्या वेळी बस देऊळगाव राजाच्या स्टँडवर उभी होती. मी डोळे मिटले. शेजारची बाई म्हणाली, 'मळमळून राह्यलं का व बाई? खिडकीत बस.' बसले. प्रार्थना तिथेच पुरी केली.

मुलाखतीत कामाचं सगळं आलं. शेवटी मोठ्या मॅडमनी विचारलं, 'हंगामात रविवारी यावं लागेल. चालेल?'

'दुपारून येईन. सकाळी चर्च असतं.'

'आज रविवारच आहे ना?'

कानशिलं तापली. खरंच की.

'हो मॅडम. आज चुकवलं, आणि सकाळपासून डाचतंय. म्हणूनच आधी सांगते. नंतर दर आठवड्याला तुमच्याकडे तोंड वेंगाडणार नाही.'

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. 'कळवू,' म्हणाल्या.

परतताना सारखं वाटत होतं, देवापुढेही कमी पडले आणि मॅडमपुढेही. पण खोटं कुठेच बोलले नाही. आता गोदाम तर गोदाम!

मंगळवार, १३ मे

फोन नाही. पोती मोजली.

बुधवार, १४ मे

फोन आला. लॅब इन्चार्ज. रविवारची सकाळ मोकळी.

बाबांना सांगितलं तर ते मटकन खाटेवर बसले. मग म्हणाले, 'मी तं ते जागा तुले भेटू नये म्हणून देवाले मागून राह्यलो होतो, बाई. रोज.'

सोमवारी रुजू व्हायचं आहे. होणार.