रोज चार सेकंद मागे पडणाऱ्या घड्याळाबद्दल

मी, खाली सही करणारी, वय चौपन्न, घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणारी, माझ्यामागे कुणाला काय जावं ते लिहून ठेवते. परवा माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे. कुणाचा धाक नाही. मला धाक घालणारा अजून जन्मायचाय. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा चुका निघाल्या तर अर्थ घ्यावा, हसू नये.

१. घर मुलीचं, एकटीचं. जावयाचं नाव कुठल्या कागदावर येऊ नये. तो माणूस बंद घड्याळाला चापट मारून चालू करू बघतो.

२. कपाटात खिशातली जुनी घड्याळं अकरा आहेत, तीही मुलीला. मोजताना जावयाला बाहेर बसवावं.

३. दुकान आणि हत्यारं मुलीची. दिराला काही नाही. (चालताना डुलतो म्हणून गल्ली त्याला लोलक म्हणते.) मी गेल्यावर आठ दिवसांत त्यानं दुकानातलं तीस वर्षांचं कामाचं टेबल सोडावं. कारण असं. माझ्या नवऱ्यानं बोटीवरचं एक घड्याळ घेतलं होतं. लाकडी पेटीत, पितळी कड्यांत झुलणारं, म्हणजे बोट कितीही हलली तरी तोंड वरच. ते रोज चार सेकंद मागे पडायचं. "असू दे," नवरा म्हणायचा, "चूक रोज तेवढीच असली की खलाशी ती हिशेबात धरतो. चूक बदलली की बोट भरकटली." रोज सकाळी आठला रेडिओशी ताडून मी वहीत चूक लिहायची. अकरा वर्षांपूर्वी आई आजारी म्हणून पंधरा दिवस माहेरी गेले. परत येऊन बघते तर घड्याळ रोज दोन सेकंद पुढे! तबकडी तीच, आतलं यंत्र दुसरं. नवरा म्हणाला, "हवा बदलली." हवा कसली! दिरानं यंत्र लांबवलं. तेव्हापासून त्याला गिऱ्हाइकांसमोर चोर म्हणते, आणि डोळ्यांसमोर बरा म्हणून टेबलावर ठेवलाय.

४. हे काल लिहून साक्षीदाराला वाचून दाखवलं. त्यानं जाऊन दिराला सांगितलं. आज सकाळी दीर पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यात नवऱ्याच्या रुमालात जुनं यंत्र, मधला दांडा मोडलेला. नंबर भिंगातून वहीतल्या नंबराशी दोनदा ताडला. तोच.
"दादाच्या हातून पडलं, वहिनी. त्यानं दुसरं आणून बसवलं. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली."
"तो जाऊन सात वर्षं झाली. तेव्हा तरी बोलायचं!"
"बोलू कधी देता?"
मी त्याला स्टूल दिलं, बोल म्हटलं. हे पहिल्यांदाच.

५. कलम ३ मधलं दिराविरुद्धचं रद्द. तो जिवंत असेतो टेबल त्याचं. पण ते कलम खोडू नये. चारचौघांत चोर म्हटलं, तर चूकही चारचौघांत वाचली जावी. दुकानाचं दार उघडं ठेवून, मोठ्यानं.

६. बोटीवरच्या घड्याळाची किल्ली दिराला, उद्या ऑपरेशनच्या दिवसापासूनच. रोज घड्याळ पालथं करून किल्लीचे साडेसात वळसे, आठवा नाही. चूक वहीत लिहायची. मी परत आले तर आधी वही बघणार.

साक्षीदार: १. समोरचा चष्मेवाला (पोटात काही राहत नाही, म्हणूनच घेतला). २. शेजारची शिंपीणबाई.
सही: माझी, तिघांच्या देखत. तिसरा दीर, दारात उभा होता.
ठिकाण: दुकानातलं मागचं टेबल. तारीख अकरा, मंगळवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं, रेडिओशी ताडून.